आजीचा तवा आणि बॅटरीवरची भट्टी



भोसरीच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, 'कार्ट्रिज म्हणजे काय हो?' उत्तर एकच मिळेल – हीटर. पेनाएवढी पोलादी नळी, तिच्यात निकेल-क्रोमच्या तारेचे वेटोळे, तारेभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड आणि एका टोकाने बाहेर आलेल्या दोन वायरी. प्लॅस्टिकच्या साच्याला भोक पाडून ही नळी आत सरकवली की साचा हवा तेवढा तापतो. असे हीटर बनवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे २०१८ साली एक मध्यस्थ माझ्या शेडमध्ये आला आणि 'काका, कार्ट्रिजचं काम आहे' म्हणाला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे मापांची वही काढली. त्याने खिशातून काढली ती मात्र कागदात गुंडाळलेली, सिगारेटीच्या निम्म्या लांबीची एक कांडी. 'हे कार्ट्रिज,' तो म्हणाला. 'तुम्ही याला तापवणारी भट्टी द्यायची.'

त्या भट्टीचा इतिहास आज मी तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझाही एक छोटासा, फारसा अभिमानाचा नसलेला वाटा आहे. तो शेवटी सांगतो.

तंबाखू पेटवायचा नाही, नुसता तापवायचा, ही कल्पना मला अगदीच अनोळखी नव्हती. आमचे गाव जुन्नर तालुक्यातले. आजी आठवड्यातून एकदा चुलीवर लोखंडी तवा ठेवायची आणि त्यावर तंबाखू भाजायची. तो काळा पडला की चुरायचा, वस्त्रगाळ करायचा आणि डबीत भरायचा. हीच मिश्री. तंबाखू तव्यावर असताना घरभर ठसका पसरायचा आणि आम्हा पोरांना अंगणात हाकलले जायचे. 'कशाला लावतेस गं?' असे विचारले की आजी म्हणायची, 'दातांना बरी असते बाबा.' तिला ते तिच्या आईने सांगितले होते. हे वाक्य तेवढे लक्षात ठेवा. या सगळ्या इतिहासात ते वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू येणार आहे.

तंबाखू मुळात आपल्याकडचा नव्हे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तिथून दख्खनमध्ये पसरला. अकबर बादशहाचा असद बेग हा सरदार १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बरोबर तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेली. बादशहाने ती तोंडाला लावताच दरबारी हकिमांनी हरकत घेतली, अशी नोंद असद बेगनेच करून ठेवली आहे. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. ती किती चालली, हे गावोगावच्या चिलमी सांगतात.

श्रीमंतांच्या घरी मग गुडगुडी आली. तिची रचना पाहा. चिलमीत गूळ घालून मळलेला तंबाखू, त्यावर मातीची चकती आणि चकतीवर निखारे. निखारा तंबाखूला थेट लागत नाही, मधल्या चकतीतून फक्त आच पोचते. गुळामुळे तंबाखू ओलसर राहतो, चटकन पेट घेत नाही. धूर पाण्यातून थंड होऊन येतो आणि म्हणून तो 'धुतला जातो', असा समज झाला. आज आपल्याला ठाऊक आहे की पाण्याने धूर गार होतो, निर्विष होत नाही. पण उष्णतेचा स्रोत वेगळा, तंबाखू वेगळा आणि मध्ये एक पडदा, हा आराखडा तेव्हाच तयार झाला होता. निखाऱ्याच्या जागी वीज येणे एवढेच बाकी होते.

वीज आली ती अमेरिकेत. जोसेफ रॉबिन्सन नावाच्या माणसाने १९२७ मध्ये विजेवर तापणाऱ्या वाफाऱ्याच्या नळीसाठी अर्ज केला आणि १९३० मध्ये त्याला पेटंट मिळाले. ती होती औषधाची वाफ घेण्यासाठी. त्यानंतर १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्ट या भंगाराच्या व्यापाऱ्याने बिनतंबाखूच्या, बिनधुराच्या सिगारेटीचा आराखडा दाखल केला. बॅटरीवर हवा गरम करून ती ओल्या, स्वादाच्या भागातून ओढायची. १९६५ मध्ये पेटंट मिळाले, पण माल कुणी बनवला नाही. त्या काळी सिगारेट ओढण्यात कुणाला गैर वाटत नव्हते, आणि खिशात मावणारी, पण तार लाल करू शकणारी बॅटरीही नव्हती. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे दुसरे कारण लगेच पटेल.

मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या त्या सिगारेटीने कर्करोग होतो हे नाकारणे अशक्य झाल्यावर. १९८८ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने 'प्रीमियर' नावाची कांडी अमेरिकेच्या काही शहरांत विकायला ठेवली. हिच्यात वीज नव्हती. टोकाला कोळशाचा छोटा तुकडा आणि त्यामागे अॅल्युमिनियमची डबी. कोळसा पेटवायचा, त्याच्या आचेने डबीतला ग्लिसरीन आणि तंबाखूचा अर्क तापायचा. म्हणजे आपली गुडगुडीच, फक्त पाण्याशिवाय! ती पेटता पेटत नसे आणि चव लोकांना सहन होईना. १९८९ मध्ये कंपनीने ती गुंडाळली.

विजेचा पहिला खरा प्रयत्न १९९८ चा. फिलिप मॉरिस कंपनीने अमेरिकेतल्या रिचमंड शहरात 'अॅकॉर्ड' आणि जपानमधल्या ओसाकात 'ओअॅसिस' या नावाने एक यंत्र आणले. तेव्हाच्या पेजरएवढी डबी, तिच्यात बॅटरी आणि एक भोक. त्या भोकात खास बनवलेली आखूड सिगारेट खोचायची. भोकाच्या आत सभोवार आठ पातळ तापपट्ट्या. माणसाने झुरका घेतला की यंत्राला ते कळायचे आणि आठांपैकी एक पट्टी क्षणभर तापायची. पुढच्या झुरक्याला दुसरी. आठ झुरके झाले की कांडी संपली. कल्पना सुंदर होती, पण डबी तोंडाजवळ धरून बसलेला माणस तोंडी वाजवायचा बाजा घेतल्यासारखा दिसे. तेही चालले नाही.

मग चालले काय? माझा मुलगा चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. २०१६ मध्ये त्याला प्रशिक्षणासाठी नागोयाला पाठवले होते. चाकण आणि नागोया, दोन्ही मोटारींची गावे. आपल्या पट्ट्यातले कितीतरी इंजिनिअर तिकडे जाऊन आले आहेत. परत आल्यावर तो म्हणाला, 'बाबा, तिथे लोक पेन ओढतात. राख नाही, काडी नाही, कोपऱ्यात उभं राहून चार्ज करतात.' त्याने पाहिले ते 'आयकॉस'. फिलिप मॉरिसने नोव्हेंबर २०१४ मध्ये ते पहिल्यांदा बाजारात आणले ते नागोया आणि इटलीतल्या मिलान या दोन शहरांत. जपानमध्ये निकोटिनच्या द्रवावर चालणारी ई-सिगारेट औषधाच्या कायद्यात अडकल्याने दुकानात मिळत नाही. खऱ्या तंबाखूची कांडी मात्र तंबाखू म्हणून विकता येते. त्या फटीतून हे यंत्र शिरले. आज जपानात विकल्या जाणाऱ्या सिगारेटी आणि कांड्यांत या प्रकाराचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे.

त्याच्या रचनेतली खरी हुशारी दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे यंत्राचे दोन तुकडे केले. हातात धरायची नळी वेगळी आणि खिशातली चार्जरची डबी वेगळी. तापवायला वीज फार लागते, म्हणून नळीत एका कांडीपुरतीच बॅटरी ठेवली. कांडी संपली की नळी डबीत ठेवून पुन्हा भरायची. मोबाइलमुळे लिथियमची बॅटरी स्वस्त झाली नसती, तर हे जमलेच नसते. दुसरी हुशारी म्हणजे आतले पाते. नळीच्या तळाशी सिरॅमिकचे एक पातळ पाते असते, त्यावर धातूची बारीक रेघ. कांडी खोचली की पाते तिच्या पोटात घुसते आणि तंबाखू आतून तापतो, साधारण साडेतीनशे अंशांपर्यंत. पेटत्या सिगारेटीचे टोक झुरक्याबरोबर नऊशेच्या आसपास जाते. पात्यावरची रेघच हीटर आणि तीच तापमापक. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, तो मोजून चिप वीज कमी-जास्त करते. वेगळे थर्मोकपल नको. आम्ही साच्यांसाठी हीटर, थर्मोकपल आणि कंट्रोलर असा तीन डब्यांचा संसार मांडतो, तो त्यांनी काडीएवढ्या जागेत बसवला. कारागीर म्हणून मी या कामाला सलाम करतो, हे लपवणार नाही.

आणि ती कांडी? तंबाखू दळून, त्यात ग्लिसरीन आणि चिकटवण्याचे पदार्थ घालून त्याचा कागदासारखा पत्रा ओततात, चुण्या पाडून गुंडाळतात. ग्लिसरीन तापले की त्याचा धुक्यासारखा फवारा होतो, त्याच्याबरोबर निकोटिन येते. जुन्या गुडगुडीतल्या गुळाकडून तंबाखू ओला ठेवण्याचे काम आता ग्लिसरीनकडे आले. तंबाखूच्या पुढे पोकळ नळी आणि फवारा थंड करणारी प्लॅस्टिकची घडी. सहा मिनिटे किंवा चौदा झुरके झाले की यंत्र आपणहून बंद होते. मग दुसरी कांडी.

इतर कंपन्यांनी वेगळ्या वाटा काढल्या. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या 'ग्लो'ने २०१६ मध्ये सेंदाई शहरात पाय टाकला. त्यात पाते नाही, कांडीभोवती बाहेरून तापणारी नळी आहे, म्हणजे आमचा बँड हीटरच. २०२१ मध्ये आयकॉसचा नवा अवतार आला, त्यात पातेही गेले. कांडीच्या आतच धातूची एक पट्टी घातली आणि नळीभोवती तारेचे वेटोळे बसवले. वेटोळ्यात वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडला की कांडीतली पट्टी स्पर्शाविना तापते. घरचा इंडक्शनचा शेगडा असाच चालतो, आणि आपल्या पट्ट्यात क्रँकशाफ्ट आणि गिअर कडक करण्यासाठी इंडक्शन हार्डनिंग कित्येक वर्षे चालू आहे. यात पाते तुटण्याची आणि साफ करण्याची कटकट संपली. शिवाय आणखी एक गोष्ट झाली. ज्या कांडीत ती पट्टी नाही, ती या यंत्रात तापतच नाही.

श्रोतेहो, इथे मला थांबून बोलायचे आहे, कारण सगळ्या रचनेचे मर्म मला इथे दिसते. यंत्र एकदा विकले जाते, कांडी रोज विकली जाते. ज्यांच्या घरी संगणकाचा प्रिंटर आहे त्यांना हे सांगायला नको. प्रिंटर परवडतो, शाईचे कार्ट्रिज घेताना कळ येते. मी बनवत होतो तो कार्ट्रिज हीटर, आणि तो जितकी वर्षे टिकेल तितके माझे नाव. त्यांचे कार्ट्रिज सहा मिनिटांत संपायलाच हवे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ म्हणजे दोन धंद्यांची दोन मने आहेत. कंपन्या या तंत्रासाठी एकमेकींशी किती झगडल्या, पाहा: पेटंटच्या भांडणापायी नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आयकॉसची आयात बंद झाली, आणि दोन बड्या कंपन्यांनी जगभरचे दावे मिटवले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. नुसत्या हीटरसाठी कुणी इतके भांडत नाही.

मग हे सिगारेटीपेक्षा बरे की नाही? प्रामाणिक उत्तर असे. ज्वलन टळल्याने सिगारेटीच्या धुरातले कित्येक घातक पदार्थ या फवाऱ्यात कमी असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये आयकॉसला एवढेच सांगण्याची मुभा दिली की, सिगारेट पूर्ण सोडून याकडे वळणाऱ्याचा हानिकारक रसायनांशी संपर्क कमी होतो. याने आजार कमी होतात, असे म्हणण्याची परवानगी दिली नाही. निकोटिन तसेच राहते, म्हणजे सवय तशीच राहते. आणि वीस-तीस वर्षांनी शरीरावर काय परिणाम दिसतात, हे कळायला वीस-तीस वर्षे लागतात. त्याला कुठलीही चिप उपयोगाची नाही.

आता माझ्या शेडकडे परत येतो. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहिले. टेल्को आली, बजाज आली आणि त्यांच्यामागे आमच्यासारखी हजारो लहान शेडे. पुढे चाकणला मोठमोठे मोटार कारखाने आले. नळी ओढणारा, पत्रा कापणारा, साचा घडवणारा, सर्किट जोडणारा, सगळे दहा-पंधरा किलोमीटरच्या आत. मध्यस्थ इथेच का आला, हे उघड होते. त्याला सात मिलीमीटर आतल्या मापाची, अर्ध्या मिनिटात अडीचशे अंश गाठणारी, पण बाहेरून हाताला चटका न देणारी नळी हवी होती. मी आणि माझा जुना कारागीर बापू, आम्ही दोन महिने खपलो. भिंत पातळ केली तर नळी वाकायची, जाड केली तर तापायला वेळ लागायचा. सहावा नमुना जमला.

मध्यस्थाने आपली कांडी त्यात घातली, बटण दाबले आणि अर्ध्या मिनिटाने झुरका घेतला. धूर जवळजवळ नव्हताच. पण वास आला. मी बापूकडे पाहिले आणि त्याने माझ्याकडे. तो खेडचा. त्याच्याही घरी तव्यावर तंबाखू भाजला जात असे. 'मिश्रीचा वास येतो, शेठ,' तो म्हणाला. मध्यस्थ हसला. 'छे हो, याने काही होत नाही.'

माझी आत्या आजीच्याच डबीतली मिश्री लावायची. तिच्या गालाच्या आत बरी न होणारी जखम झाली, तेव्हा तिला मुंबईला परळला नेले. उशीर झाला होता. ते सगळे त्या शेडमध्ये मला आठवले. तरीही, खरे सांगतो, मी नाही म्हटले नाही. नमुन्याचे पैसे घेतले आणि पुढच्या कामाचा दर दिला. २०१९ मध्ये मोटारींचा धंदा बसला, मोठ्या कारखान्यांनी काही दिवस काम बंद ठेवले आणि आमच्याकडच्या ऑर्डरी आटल्या. पाच माणसांचा पगार डोक्यावर होता. मी त्या फोनची वाट पाहत होतो.

फोन आला नाही, कायदा आला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-सिगारेटवर बंदी घालणाऱ्या वटहुकमाला मंजुरी दिली आणि डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. त्याच्या व्याख्येत न जाळता तापवणारी यंत्रेही स्पष्टपणे घातली आहेत. बनवणे, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्याला मनाई. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझी अडचण माझ्या मनाने नव्हे, सरकारने सोडवली.

या बंदीवर टीका झाली आणि ती अगदीच अप्रस्तुत नव्हती. कोपऱ्यावरच्या टपरीत विडी-सिगारेट उघड मिळते आणि तिच्याहून कमी धुराचे यंत्र गुन्हा ठरते, हे कसे? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या राज्याचे चित्र पाहा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात धूर काढणारे जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास, आणि चघळणारे, मळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. चाकणच्या कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहा. तळहातावर चुना घेऊन अंगठ्याने तंबाखू मळणारेच जास्त दिसतील. त्यांना धुराचा प्रश्नच नाही, मग बिनधुराच्या यंत्राचा त्यांना काय उपयोग? ते यंत्र आले असते ते हिंजवडीच्या आणि कॉलेजातल्या पोरांसाठी, ज्यांच्या हातात आज काहीच नाही.

तव्यावरची मिश्री दातांना बरी होती. गुडगुडीचा धूर पाण्याने धुतलेला होता. कोळशाच्या कांडीत धूर कमी होता. पात्याच्या यंत्रात ज्वलन नव्हते. प्रत्येक वेळी साधन बदलले, बनवणाऱ्याचे कसब वाढले आणि आश्वासन तेच राहिले. आजी फसवत नव्हती, तिला तसे खरेच वाटत होते. मला मात्र माहीत होते.

तो सहावा नमुना अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कारागिराला आपले चांगले काम टाकवत नाही. परवा नातवाने तो हातात घेऊन विचारले, 'आजोबा, हे कशाचं?' मी त्याला तवा, आत्या आणि मध्यस्थ, सगळे सांगितले. ऐकून तो म्हणाला, 'मग तुम्ही बनवलं कशाला?'

बापू आता गावी असतो. त्याला फोन करून मी हा प्रश्न सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, 'पोरगं बरोबर विचारतंय, शेठ.'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)